जुन्या गाडीची पेट्रोल टाकी: सफाई, दुरुस्ती आणि बदल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरात पद्मिनी, अँबेसेडर, जुनी मारुती ८०० किंवा जीप जपून ठेवलेली माणसं मला सगळ्यात जास्त विचारतात ते टाकीबद्दल. इंजिनाला मेकॅनिक असतो, पत्र्याला डेंटर असतो, टाकीकडे मात्र गाडी रस्त्यात मान टाकेपर्यंत कोणी ढुंकून बघत नाही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कितीही घाई असली तरी प्रश्न ५ वाचल्याशिवाय टाकीला हात लावू नका.

१. गाडी पाच-सहा वर्षं उभी होती. जुन्या पेट्रोलवरच नवीन पाच लिटर टाकून चालू केली तर चालेल का?

नको. पेट्रोल साठवणीत बिघडतं. त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा डिंकासारखा चिकटा तयार होतो. ताज्या पेट्रोलचा वास नाकाला झोंबतो, शिळ्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येतो. एकदा हुंगलात की पुन्हा चुकणार नाही.

नवीन पेट्रोल ओतलं की ते हा चिकटा सोडवतं आणि पंपाकडे धाडतं. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं, बुजतात, पण तेवढ्यावर भागत नाही. हाच चिकटा इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसतो. इंजिन गरम असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, रात्रभर थंड झालं की व्हॉल्व्ह जागीच चिकटतो आणि सकाळी स्टार्टर मारताच पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडण्यासाठी जोर देणारा दांडा, ज्या इंजिनात असतो तिथे) वाकतो. पाच लिटर पेट्रोल वाचवायला जाऊन हेड उतरवायची पाळी येते. चार-सहा महिने उभ्या असलेल्या गाडीत ताजं पेट्रोल मिसळून चालतं. वर्ष उलटलं असेल तर आधी सगळं काढा.

२. टाकी न उतरवता आत गंज आहे का हे कसं कळेल?

टाकीच्या अगदी तळातलं अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि बरणी बाहेर, सावलीत, झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी खाली पाणी असेल तर त्याची वेगळी रेघ दिसते. गंज असेल तर तळाशी तपकिरीसारखी बारीक तांबूस पूड बसलेली असते.

पेट्रोल फिल्टर कापून बघण्याचाही उपयोग होतो. बरेच जण त्यावरून चुंबक फिरवतात आणि काही चिकटलं नाही की निश्चिंत होतात. तिथे फसू नका. गंजाचे काळसर कण चुंबकाला लागतात, तांबडी पूड फारशी लागत नाही.

पेट्रोल भरायच्या नळीतून टॉर्च मारून सहसा काही दिसत नाही, कारण नळीला वळण असतं. खरं दर्शन पेट्रोलच्या काट्याचा फ्लोट (पातळी दाखवणारा तरंगता भाग) बसतो त्या भोकातून होतं (प्रश्न १७).

३. कार्बोरेटर तीनदा साफ केला, तरी आठवड्यात तोच त्रास. टाकीचा दोष असू शकतो का?

असू शकतो, आणि बहुतेक वेळा असतोच. माझ्या वडिलांची पद्मिनी साताऱ्याच्या शेडमध्ये सात वर्षं उभी होती. ती चालू केल्यावर आम्ही कार्बोरेटर एकदा नाही, चार वेळा उघडला. दर वेळी फ्लोट चेंबरच्या तळाशी तीच तांबूस गाळवणी. गॅरेजमधून दर वेळी सांगितलं जायचं, "जेट खराब आहे, नवीन घाला." नवीन जेटही आठ दिवसांत बुजला. पाचव्या वेळी टाकी उतरवली, उलटी केली आणि जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर मूठभर गंज पडला. कार्बोरेटरनं बिचाऱ्यानं काहीच केलं नव्हतं.

रस्त्यावर ओळखायची खूण अशी: गावात गाडी नीट चालते, पण हायवेला वेग धरला किंवा खंबाटकीचा चढ लागला की दम सोडते, आणि दोन मिनिटं थांबून पुन्हा चालू केली की जणू काही झालंच नव्हतं. टाकीत पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या टोकाला जाळी असते. गंज ओढला जाऊन जाळीवर बसतो, इंजिन बंद झालं की खाली गळून पडतो. म्हणून थांबल्यावर बरं वाटतं.

खात्री करायची असेल तर टाकीकडून येणारी नळी बंद करून पंपाला थोडा वेळ वेगळ्या धातूच्या डब्यातलं स्वच्छ पेट्रोल द्या. डबा एक्झॉस्टपासून लांब, पक्का बांधलेला हवा आणि शेजारी अग्निशामक घेऊन माणूस उभा हवा. असं इंजिन व्यवस्थित फिरलं तर दोष टाकीत किंवा टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत आहे.

४. टाकी आतून स्वच्छ आहे, तरी गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालून बंद पडते. आता काय?

झाकण उघडून बघा. उघडताना हवा आत ओढली गेल्याचा "सूं" आवाज आला आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर दोष झाकणाचा. पेट्रोल खाली जातं तशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. जुन्या गाड्यांत ती झाकणातल्या बारीक भोकातून किंवा वेगळ्या नळीतून येते. ती वाट बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पंप ओढेना होतो. कोणीतरी चुकून बंद झाकण, म्हणजे हवेची वाट नसलेलं, बसवलेलं असतं. सलग बरेच दिवस असं चालवलं तर पातळ झालेली टाकी आत चेपूही शकते.

५. टाकी पूर्ण रिकामी केली, दोन दिवस उन्हात ठेवली. आता धोका नाही ना?

आता जास्त धोका आहे. एवढं एक वाक्य कायम लक्षात ठेवा.

जळतं ते द्रव पेट्रोल नव्हे, त्याची वाफ. हवेत ही वाफ साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या मध्ये असली की पेट घेते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत मात्र कोपऱ्यात, शिवणीत, गंजाच्या पापुद्र्याखाली राहिलेले चार थेंब हवेत मिसळून नेमकं तेच प्रमाण तयार करतात. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांवरही पेटण्याइतकी निर्माण होते, मग आपल्याकडच्या उन्हाचं काय सांगावं.

दुसरी गोष्ट, ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटते, उताराकडे वाहते, गॅरेजच्या खड्ड्यात साचते. पोर्चमध्ये टाकी उघडली आणि आत देवापुढे समई तेवत असली, किंवा मोरीत गॅसचा गीझर चालू असला, तर ती वाफ उंबरा ओलांडून तिथवर पोचू शकते. टाकीचं काम उघड्यावर करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, घरातला गीझर, शेगडी, दिवा बंद करा. पाण्याची बादली उपयोगाची नाही. ड्राय पावडरचा अग्निशामक आणि कोरड्या वाळूची बादली हवी.

आमच्या पेठेत एकानं चार दिवस वाळवलेली टाकी वेल्डिंगला लावली होती. आवाज तीन गल्ल्या पलीकडे ऐकू आला. टाकीचं बूड ढोलासारखं फुगून फाटलं आणि वेल्डरच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची खूण आजही आहे. तो माणूस कामात कच्चा नव्हता. टाकी "रिकामी आहे" असं मालकानं सांगितलं होतं आणि त्यानं विश्वास ठेवला.

६. पेट्रोल काढायचं कसं? नळी तोंडानं ओढून काढतात तसं?

तोंडानं कधीच ओढू नका. घोटभर पोटात गेलं त्यापेक्षा चमचाभर फुप्फुसात गेलं तर जास्त वाईट, त्यानं न्यूमोनियासारखा गंभीर आजार होतो. चुकून गेलंच तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका, सरळ दवाखाना गाठा. टाकीला खाली ड्रेन बोल्ट असेल तर तो वापरा. नसेल तर दाबायच्या रबरी फुग्याचा हातपंप मिळतो. पेट्रोल प्लास्टिकच्या बादलीत घेऊ नका, तिच्यावर स्थिर वीज साठते. धातूचा डबा घ्या, जमिनीवर टेकवा आणि टाकीला वायरनं जोडा.

७. काढलेल्या शिळ्या पेट्रोलचं काय करायचं?

गटारात, शेतात, झाडाच्या बुंध्याशी अजिबात ओतायचं नाही. थोडं पेट्रोल जमिनीत मुरलं तरी विहिरीच्या पाण्याला महिनोन्महिने वास मारतो. आधी मोठ्या गॅरेजमध्ये विचारा. जुनं ऑइल उचलणारे परवानाधारक लोक तिथे येतात, त्यांना वेगळ्या डब्यात द्या. जळक्या ऑइलच्या ड्रममध्ये गुपचूप मिसळू नका, पुढे तो ड्रम हाताळणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो. घरात साठवायची वेळ आलीच तर कायद्यानं विनापरवाना, विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवता येतं, पण मी म्हणेन आठवड्याच्या आत मोकळे व्हा.

८. टाकी उतरवताना काय सांभाळायचं?

गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नका, घोडी (जॅक स्टँड) लावा. नळ्या सोडण्याआधी फोटो काढून ठेवा, कुठली येती आणि कुठली परतीची हे दोन दिवसांनी आठवत नाही. मारुती ८०० ला परतीची नळी असते आणि ती उलटसुलट झाली की मग तासन् तास शोधत बसावं लागतं. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेली) गाडी असेल तर पंप टाकीतच असतो आणि नळीत दाब असतो. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मगच नळीला हात लावा.

टाकी आवळून धरणाऱ्या पट्ट्यांखाली रबर किंवा फेल्ट असतं. पावसाळ्यात ते पाणी धरून ठेवतं आणि टाकी बाहेरून नेमकी तिथेच कुजते. पट्टी काढल्यावर तिथला पत्रा आधी बघा. टाकीच्या माथ्यावर साचलेला चिखल तितकाच घातक, आणि तो गाडीखालून दिसत नाही.

९. गंज फार नाही, पण गाळ आहे. नुसती धुऊन भागेल का?

भागेल. गरम पाणी आणि कपडे धुण्याची पावडर घालून टाकी हलवा, ओता, पुन्हा भरा. तीन-चार वेळा. पेट्रोलचा वास जाईपर्यंत बाकी कुठलंही काम सुरू करायचं नाही. पापुद्रे सुटत नसतील तर आत हातभर लांब साखळी सोडा आणि टाकी सतरंजीत गुंडाळून हळूहळू लोळवा. साखळी अशासाठी की ओढली की सगळी बाहेर येते. काही जण मूठभर नट किंवा खडी टाकतात. टाकीत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आडवे पडदे असतात, त्यांच्यामागे एखादा नट अडकला की जन्मभर खुळखुळत राहतो. टाकायचेच असतील तर आधी मोजा आणि नंतर तेवढेच मोजून काढा.

१०. गंज काढायला काय वापरू? संडास साफ करायचं ॲसिड चालेल का?

संडासाचं ॲसिड नको. ते मिठाचं आम्ल असतं. गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, आणि धुतल्यावर टाकी बघता बघता पुन्हा गंजू लागते.

पण त्याआधी आत नीट बघा. जुन्या बऱ्याच टाक्या शिसं आणि कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या असत. आतला पृष्ठभाग अजून करड्या-चंदेरी रंगाचा असेल तर कुठलंच आम्ल घालू नका. व्हिनेगरसारखं साधं वाटणारं आम्लसुद्धा शिसं विरघळवतं. मुलामा जातो आणि हातात विषारी पाणी राहतं. अशा टाकीला प्रश्न ९ पुरेसा आहे. घासताना धूळ उडवू नका, हातमोजे घाला, धुवण झाडांना घालू नका.

मुलामा केव्हाच गेला असेल आणि आत सगळीकडे तांबडा गंज असेल, तर माझी पहिली पसंती सायट्रिक ॲसिडला. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं तेच. लिटरला ५० ग्रॅम या हिशेबानं मारुती ८०० ची २८ लिटरची टाकी भरायला साधारण १ किलो ४०० ग्रॅम लागतं. कोमट पाण्यात विरघळवा, टाकी काठोकाठ भरा, रात्रभर ठेवा. बुडबुडे येतात, म्हणून झाकण घट्ट लावायचं नाही. चोवीस तासांच्या वर ठेवू नका. फॉस्फोरिक आम्लाचे तयार गंजनाशकही चांगले. ते लोखंडावर फॉस्फेटचा काळसर थर सोडतात आणि त्यावर गंज सावकाश धरतो.

साखर कारखान्याच्या पट्ट्यातली मंडळी मळीचं विचारतात. होय, एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी हे मिश्रण गंज काढतं आणि चांगल्या पत्र्याला सहसा धक्का लावत नाही. पण दोन-तीन आठवडे लागतात, आंबल्याचा वास येतो आणि माश्या जमतात. अगदी पातळ झालेल्या टाकीसाठी हा उपाय मला सगळ्यात दयाळू वाटतो. वेळ आणि मागचं अंगण मात्र हवं.

११. बॅटरी चार्जर लावून इलेक्ट्रोलिसिसनं गंज काढता येतो म्हणतात. घरी करू का?

करता येतं, काही अटींवर. टाकीत पेट्रोलचा वास शून्य हवा. पाण्यात धुण्याचा सोडा घालायचा, मीठ नाही, मिठानं क्लोरीन निघतो. चार्जरची निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह आत सोडलेल्या साध्या लोखंडी सळईला, आणि ती सळई टाकीला कुठेही टेकता कामा नये. स्टीलच्या भांड्याचा तुकडा सळई म्हणून वापरू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोलीत नाही, आणि चार्जर भिंतीवर बंद केल्याशिवाय चिमटे काढायचे नाहीत. सळईच्या समोरचा भाग छान निघतो, पडद्यामागचा राहतो. ही या पद्धतीची मर्यादा आहे.

१२. सगळं धुतलं, टाकी चकचकीत झाली आणि अर्ध्या तासात पुन्हा तांबूस. चुकलं कुठे?

वाळवण्यात. उघडं पडलेलं कोरं लोखंड दमट हवेत, त्यातून कोकणात, बघता बघता गंजतं. आम्ल ओतून दिलं की लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, मग साध्या पाण्यानं, आणि थांबू नका. हेअर ड्रायर किंवा ब्लोअरनं एका भोकातून गरम हवा घाला, दुसऱ्यातून बाहेर जाऊ द्या. (पेट्रोलची वाफ शिल्लक असलेल्या टाकीत हे करायचं नाही, प्रश्न ५.) पूर्ण कोरडी झाली की दोन लिटर पेट्रोलमध्ये थोडं टू-टी (टू-स्ट्रोक गाडीचं) ऑइल मिसळून सगळीकडे फिरवा आणि भोकं बंद करा. आलेला फिका तांबूस थर बोटानं पुसला जात असेल तर घाबरू नका, पण पुन्हा एकदा लवकर धुऊन घ्या.

१३. आतून कोटिंग करून घेतलं की गंजाची कटकट कायमची मिटते का?

नीट केलं तर बरीच वर्षं मिटते. चुकीचं केलं तर ती टाकी भंगारात. गंजावर, तेलावर किंवा ओलसर पत्र्यावर ओतलेलं कोटिंग दोन-तीन वर्षांत सालपटासारखं सुटतं आणि त्याचे तुकडे नळीच्या तोंडावर बसतात. ते काढणं गंज काढण्याच्या दहापट अवघड. डब्यावर इथेनॉलमिश्रित पेट्रोल चालतं असं स्पष्ट लिहिलं असेल तरच घ्या, जुन्या पद्धतीची काही कोटिंगं इथेनॉलमध्ये मऊ पडतात. ओतताना पेट्रोल ओढायची नळी आणि हवेची नळी बुजणार नाही अशी व्यवस्था करा, जास्तीचं कोटिंग निथळून काढा, तळ्यासारखं साचू देऊ नका.

माझं मत विचाराल तर पत्रा धड असेल आणि गाडी नियमित चालणार असेल तर कोटिंग करू नका. स्वच्छ टाकी, भरलेलं पेट्रोल आणि चांगला फिल्टर पुरतो.

१४. टाकी थेंब थेंब गळतेय. साबण किंवा एम-सील लावलं तर?

वाटेत अडकलात तर अंगाच्या साबणाची वडी ओली करून भेगेवर दाबून चोळा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, घरापर्यंत पोचवतो. एम-सीलसारखी इपॉक्सी पुट्टी कोरड्या, घासलेल्या पत्र्यावर लावावी लागते, गळत्या जागी ती धरत नाही. दोन्ही उपाय गॅरेज गाठेपर्यंतचे. एका भोकाभोवतीचा पत्रा नखानं दाबून बघा, बहुतेक वेळा शेजारी आणखी चार तयार असतात. गळती गाडी बंद शेडमध्ये किंवा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये लावू नका.

१५. भोक बुजवायला वेल्डिंग बरं की झाळकाम (सोल्डरिंग)?

लहान भोकं आणि सुटलेली शिवण यांना कथलाची झाळ उत्तम. पत्रा कमी तापतो, वाकत नाही. हे काम रेडिएटर दुरुस्त करणारे जुने कारागीर फार सफाईनं करतात. पद्मिनीची टाकी ज्यांच्याकडून झाळून घेतली ते चाचा आधी भोकाभोवतीचा पत्रा चांदीसारखा घासायचे. मग तांब्याच्या जड टोकाचं हत्यार निखाऱ्यात तापवून नवसागरावर फिरवायचे. टोक झळाळलं की कथील त्यावर पाण्यासारखं पसरायचं. भोकावर नुसता कथलाचा थेंब न ठेवता त्यांनी पत्र्याचं छोटं ठिगळ ठेवलं आणि कडेनं झाळलं. अकरा वर्षं झाली, एक थेंब आलेला नाही.

ज्योत नसली तरी तापलेलं तांबं पेट्रोलची वाफ पेटवू शकतं. म्हणून झाळकामालाही टाकी प्रश्न ९ प्रमाणे धुतलेलीच हवी. कारागिराला "यात पेट्रोल होतं" हे तोंडानं सांगा, त्यानं विचारायची वाट बघू नका.

मोठी चीर किंवा ब्रॅकेट सुटलं असेल तर वेल्डिंग लागतं. ते टाक्यांचं काम नेहमी करणाऱ्याकडेच द्या. तो टाकी धुऊन, कामाची जागा वर ठेवून, त्या जागेच्या जरा खालपर्यंत पाणी भरतो, म्हणजे आत वाफेला जागाच राहत नाही, आणि सगळी तोंडं उघडी ठेवतो. "काही होत नाही साहेब, रोज करतो" असं म्हणून कोरड्या टाकीवर वेल्डिंगचा टॉर्च धरणाऱ्याकडून टाकी उचला आणि घरी या.

काम झाल्यावर टाकी पाण्याच्या हौदात बुडवून सायकलच्या पंपानं अगदी हलकी हवा मारा. बुडबुडे दिसतात. जोरात मारू नका, टाकी दाबासाठी बनवलेली नसते, शिवणी उघडतात.

१६. दुरुस्त करू की बदलू? आणि बदलायची तर मिळेल कुठे?

धुऊन कोरडी झालेली, वास अजिबात नसलेली टाकी अंधाऱ्या खोलीत न्या आणि आत छोटा एलईडी दिवा सोडा. एक-दोन ठिपके चमकले तर झाळून घ्या. तळ चांदण्यासारखा दिसला तर दुरुस्ती विसरा.

मारुती ८०० च्या टाक्या मिळणं अजून सोपं आहे. पद्मिनी-अँबेसेडरसाठी मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार, पुण्यात नाना पेठेतली सुट्या भागांची दुकानं आणि जुना बाजार धुंडाळावा लागतो. जुनी टाकी घेताना हलवून आवाज ऐका, काट्याच्या भोकातून आत बघा आणि बाहेरच्या ताज्या काळ्या रंगावर जाऊ नका. तो रंग बहुधा काल मारलेला असतो.

नाहीच मिळाली तर बनवून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याचं कुठलंही काम होतं, नमुना म्हणून जुनी टाकी मात्र सोबत द्यावी लागते. २० गेजपेक्षा पातळ पत्रा (गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ) घेऊ नका, स्टेनलेस स्टील परवडत असेल तर उत्तम. आतले पडदे, हवेची नळी आणि तळापासून थोडी वर राहणारी ओढनळी या तीन गोष्टी कागदावर लिहून द्या, कारण बाहेरून न दिसणारं नेमकं हेच विसरलं जातं. फ्लोटची बैठक आणि भरण्याचं तोंड जुन्या टाकीचंच कापून जोडलं तर मापं चुकत नाहीत.

१७. टाकी रंगवून बसवली आणि पेट्रोलचा काटा बंद पडला. फ्लोट गेला का?

फ्लोट बदलण्याआधी अर्थिंग बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा विद्युतमार्ग टाकीच्या पत्र्यातूनच चासीपर्यंत पूर्ण होतो. नवीन रंगाचा थर मध्ये आला की तो तुटतो. फ्लोटच्या एका स्क्रूपासून चासीच्या घासलेल्या जागेपर्यंत वायर ओढा, काटा जागा होईल. तरीही नाही झाला तर फ्लोट काढून कानाशी हलवा. पितळी फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं असेल तर आवाज येतो. फ्लोटची रिंग छिन्नी-हातोड्यानं ठोकू नका, लाकडाचा किंवा पितळेचा तुकडा वापरा, म्हणजे ठिणगी पडत नाही. गॅस्केट दर वेळी नवं.

१८. ई२० पेट्रोल आल्यापासून जुन्या टाकीला काय करावं लागेल?

२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं आणि आता तेच सगळीकडे मिळतं. आपल्या गाड्या बनल्या तेव्हा असं पेट्रोल गृहीतच नव्हतं. इथेनॉल वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवतं, म्हणून पहिल्या काही टाक्यांत फिल्टर लवकर भरतो. तो बिघाड नव्हे, जुनी घाण निघतेय. दुसरं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होऊन तळाशी बसतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. तिसरं, जुने रबरी होज मऊ पडून आतून सोलतात, बाहेरून मात्र ठणठणीत दिसतात.

होज सगळे बदला, एसएई जे३० आर९ दर्जाचे घ्या. पारदर्शक फिल्टर लावा, बाण पंपाकडे ठेवा. सफाईनंतर पहिला फिल्टर शंभर किलोमीटरवर, दुसरा पाचशेवर बदला. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी जवळपास भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी. महिन्यातून एकदा तरी गाडी तासभर फिरवा.

१९. माझी गाडी सीएनजीवर चालते, पेट्रोल जेमतेम दोन लिटर असतं. टाकीकडे लक्ष द्यायची गरज आहे का?

तुम्हालाच सगळ्यात जास्त. दोन लिटर पेट्रोल आणि बाकी सगळी दमट हवा, वर्षानुवर्षं. गंजाला याहून चांगली जागा नाही. टाकी निम्म्याच्या वर ठेवा आणि आठवड्यातून एकदा पेट्रोलवर पाच-दहा किलोमीटर चालवा. टाकी उतरवायला सिलिंडर हलवावा लागत असेल तर ते काम सीएनजीच्या अधिकृत फिटरकडूनच करा, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी राहिली असेल तर तीही त्याच वेळी उरकून घ्या.

२०. डिझेल अँबेसेडरला हेच सगळं लागू का?

धुणं आणि झाळणं तेच, पण दोन फरक. टाकीत पाणी असेल तर पाणी आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात आणि काळा, बुळबुळीत गाळ धरतो. तो नुसत्या डिझेलनं धुऊन जात नाही, गरम साबणपाणी आणि साखळी लागते. आणि डिझेलच्या टाकीला आतून जस्ताचा मुलामा देऊ नका, डिझेलशी त्याचं जमत नाही. डिझेल सहजासहजी पेटत नाही म्हणून वेल्डिंगला निष्काळजीपणा करू नका, तापलेल्या पत्र्यावर त्याचीही वाफ होते.

२१. कोणीतरी टाकीत साखर टाकली असं वाटतंय. इंजिन गेलं का?

नाही. साखर पेट्रोलमध्ये विरघळत नाही, तळाशी वाळूसारखी बसते आणि जाळी-फिल्टर बुजवते. गाडी चालवू नका, टाकी उतरवा. साखर पाण्यात विरघळते, त्यामुळे गरम पाण्यानं दोनदा धुतली की काम झालं. मग प्रश्न १२ प्रमाणे वाळवा.

२२. टाकी बदलली तर आरसीत नोंद करावी लागते का? व्हिंटेज नोंदणीला अडचण येईल का?

त्याच मापाची, त्याच इंधनाची टाकी घातली तर नोंद लागत नाही. आरसीवर इंजिन आणि चासी नंबर असतो, टाकीचा नसतो. इंधन बदललं, म्हणजे सीएनजी बसवला, तर नोंद हवीच.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यात "व्हीए" अक्षरांचा नंबर मिळतो आणि गाडी मूळ स्वरूपात असावी अशी अट आहे. अशा गाडीची टाकी मी शक्य तोवर बदलणार नाही. तळ पूर्ण गेला असला तरी तेवढा तळ कापून नवीन पत्रा जोडता येतो. वरचं कवच, कंपनीचा ठसा, भरण्याचं तोंड आणि पट्ट्यांच्या खाचा जुन्याच राहतात. कापण्याआधी ठशाचा जवळून फोटो काढा आणि कारागिराला त्या जागेवर खडूनं गोल करून द्या, म्हणजे ग्राइंडर तिथे फिरणार नाही.